हळदीच्या गाण्यांचा मालक

आमच्या मोरेश्वराची एक खोड आहे. बोलायची वेळ आली की हा गप्प बसतो, आणि गप्प बसायची वेळ आली की माइक धरतो. लग्नात धरतो, बारशात धरतो, तेराव्यालाही धरतो. तेराव्याला माइक कशाला लागतो, असं मी त्याला एकदा विचारलं. म्हणाला, "वयनी, मागच्या पंगतीला ऐकू जात नाय." मागच्या पंगतीला भात पाहिजे होता. ह्याचं ऐकायला कोण बसलं होतं?

मोरेश्वर माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन खारशेतला आले तेव्हा त्याच्या चड्डीची नाडी मी बांधायचे. पुढे तो मोठा झाला, हळदीची, नाचाची गाणी रेकॉर्ड करायला लागला, गळ्यात जाड चेन आली, गाडीच्या मागच्या काचेवर स्वतःचा फोटो आला. अख्खा तालुका त्याला मोरेशदादा म्हणतो. मी मोरू म्हणते, आणि चारचौघांत जरा मोठ्यानं म्हणते.

ही गोष्ट घडली त्या वर्षी आमची सून हर्षला बाळंतपणानंतर पहिल्यांदा कबड्डीच्या मैदानात उतरणार होती. गावातल्या मंडळाची स्पर्धा तोंडावर आली होती आणि माझा मुलगा नितेश मंडळाचा सेक्रेटरी, म्हणून बैठक आमच्याच ओट्यावर. चहा माझा, साखर माझी, आणि अक्कल प्रत्येकानं आपापल्या घरून आणायची होती. ती कुणी आणली नव्हती.

"या वर्षी सिनेमाची गाणी बंद," नितेश म्हणाला. "एकपण नाय."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. गाण्याशिवाय कबड्डी म्हणजे काय, पोरींनी मुक्यानं एकमेकींचे पाय ओढायचे?

"का रे?" मी विचारलं.

"आय, गाण्याला मालक असतो."

"असतो ना. म्हणणारा."

"नाय. ज्याच्या नावावर नोंद तो. त्याला न विचारता आपण गाणं वाजवलं आणि सामना मोबाईलवर सगळ्या जगाला दाखवला, तर तिथलं मशीन ऐकतं. त्याला गाणं ओळखू येतं. मग ते आपलं दाखवणंच बंद करून टाकतं."

"मशीनला कान हायेत?"

"तुझ्यापेक्षा बरे हायेत."

"मग मोरूचं गाणं लाव. कान असतील तर आपणहून बंद पडेल."

ओटा हसला. मोरेश्वर पण हसला, कारण आपल्यावर हसतायत हे त्याला नेहमी थोडं उशिरा कळतं.

पण नितेश हसला नाही. त्याला का हसू येत नव्हतं ते मला ठाऊक होतं. आदल्या खेपेला हर्षला अशी खेळली होती की म्हातारे पुरुष खुर्च्यांवर उभे राहिले होते. पुण्याच्या एका कंपनीच्या संघाला चढाई करणारी मुलगी हवी होती. संघात घेतलं की कंपनीत नोकरी. तिथल्या शिकवणाऱ्या देशमाने मॅडम म्हणाल्या, मला अंतिम सामना मोबाईलवर बघू दे. त्यांनी उघडला तर काळी पट्टी. मैदानात आमच्या मंडळानं हौसेनं सिनेमाची गाणी ठणठणा वाजवली होती, आणि मशीननं सगळा सामना पुसून टाकला होता. ती जागा दुसरीला गेली. नंतर बाळ राहिलं. आता मॅडमचा पुन्हा निरोप आला होता. एक जागा आहे, मला येता येणार नाही, अंतिम सामना सुरू असतानाच मोबाईलवर बघेन. आणि कंपनीची वयाची अट अशी की पुढच्या वर्षी हर्षलाला विचारलंही जाणार नव्हतं.

म्हणजे हा एकच सामना, आणि त्यात गाणं असं हवं की ज्याला मालकच नाही.

नितेशनं शोधून आणलं होतं. "बिनमालकाचं संगीत मिळतं," म्हणाला आणि मोबाईलवर लावलं. थेंब थेंब, थेंब थेंब. लांब कुठेतरी कुणीतरी पेटीची एकेक पट्टी दाबत होतं.

"हे दाताच्या डॉक्टरकडं लावतात," मी म्हटलं. "ह्याच्यावर चढाईला गेलेली पोर समोरच्यांना सॉरी म्हणून परत येईल."

हर्षला आत बाळाला थोपटत होती. तिच्या हसण्याचा आवाज आला.

मग मोरेश्वरानं घसा खाकरला. "माझी गाणी लावा. परवानगी आत्ता देतो. मालक इथं बसलाय."

त्याची गाणी म्हणजे सगळी एकच. एक पोर, एक मोटरसायकल, आणि पोरीनं मोटरसायकलवर मागे बसायचं. शिवाय दर गाण्याच्या सुरुवातीला त्याचं नाव तीनदा ओरडून सांगतात, कुणी चुकून विसरू नये म्हणून.

"आमच्या पोरी मागं बसायला मैदानात येत नायत," मी म्हटलं. "आणि दर चढाईला तुझं नाव ऐकलं तर मॅडमला वाटेल संघाचंच नाव मोरेश हाय."

"मग काय वाजवाल?"

"वाजवायचं कशाला? आम्ही म्हणू."

मला ते बोलता बोलताच सुचलं. हळदीची गाणी. माझ्या सासूनं मला शिकवली, तिला तिच्या सासूनं. विहिणीला चिडवायची, नवऱ्यामुलाच्या मामाच्या टकलावर म्हणायची, वरातीत उशिरा आलेल्यांना पाणी पाजायची. तालुक्यात कुठंही हळद असली की मला आणि माझ्या बायकांना बोलावणं येतं. ढोलकी आमची, गळा आमचा. ह्या गाण्यांचा मालक शोधायला कोण जाईल? तो असलाच तर स्मशानात.

नितेश उठून बसला. "आय, लोकगीताला मालक नसतो. खरंच नसतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मोरेश्वरानं मान हलवली नाही. त्यानं चहा प्यायला, बशी पालथी घातली, आणि ढुंकूनही कुणाकडे न बघता म्हणाला, "मी निघतो. आंघोळ राहिलीय." संध्याकाळचे दिवे लागत होते. पण आम्ही कुणी विचारलं नाही की ही आंघोळ कसली.

आमच्या पोरी अंतिम सामन्यात पोचल्या, आणि त्या दिवशी दुपारी आम्ही बायका मैदानाच्या कडेला ताडपत्री टाकून बसलो. गुडघे दुखत होते सगळ्यांचे, पण लुगडी नवी होती. माझ्या मांडीवर हर्षलाचं बाळ, शेजारी ढोलकी घेऊन माझी जाऊ पार्वती, म्हणजे ह्या मोरेश्वराचीच बायको. मोरेश्वर टेबलावर माइक धरून. समालोचनाचं काम त्याला कुणी दिलं नव्हतं, त्यानं घेतलं होतं. नितेश तिकाटण्यावर मोबाईल लावून उभा, कानात वायर.

"मॅडम आल्या," त्यानं लांबूनच मला खूण केली. आल्या म्हणजे मोबाईलमध्ये.

समोर रोह्याचा संघ. दांडग्या पोरी, एकेकीचं मनगट माझ्या दंडाएवढं. त्यांची पहिली चढाई आली आणि संपली, आणि पंचांनी शिट्टी दिली तशी मी सुरुवात केली. हळदीत आम्ही म्हणतो ते विहिणीचं गाणं. चाल तीच ठेवली, फक्त विहिणीच्या जागी चढाईवाली बसवली.

"रोह्याची गो पोर, वेणीला गजरा,
चढाईला आली नि चुकवते नजरा."

बायकांनी उचललं. ढोलकी पडली. रोह्याच्या त्या पोरीनं खरंच वेणीला गजरा माळला होता. तिनं हात लावून बघितला आणि तिच्याच संघातल्या पोरी फिसकन हसल्या. पुढच्या चढाईला ती "कबड्डी कबड्डी" म्हणत आली आणि आमच्याकडं बघून तिला असं हसू फुटलं की दमच सुटला. पंचांनी तिला बाद दिलं.

रोह्याचा प्रशिक्षक तावातावानं आला. "ह्या बायका अडथळा आणतात."

पंच आमच्यापाशी आले. पंच म्हणजे शेजारच्या गावचे मास्तर, त्यांच्या स्वतःच्या हळदीला मी त्यांच्या नाकावर गायले होते. ते लांबच उभे राहिले. "चांगुणाबाय, चढाई चालू असताना गप्प राहायचं. दोन चढायांच्या मध्ये काय ते म्हणा."

"म्हणू की. तेवढ्यात होतं."

आणि हर्षला काय उडत होती. बाळंतपणानं जड झालेली पोर, पहिल्या दोन चढायांना पाय घसटत होती, पण ढोलकी वाजली की खांदे हलायचे आणि ती मध्यरेषेवरून अशी आत जायची, जशी स्वयंपाकघरात मांजर. एकीला हात, एकीला पाय, आणि परत. मांडीवरचं बाळ आईचा आवाज ऐकून हात नाचवत होतं. लोक शिट्ट्या मारत होते. मी म्हटलं, बघा मॅडम, पोट भरून बघा.

मध्यंतर झालं. हर्षला पळत आली, टॉवेल अंगावर ओढून बाळाला पाजायला बसली. दोन गुणांनी पुढं होतो आम्ही. आणि नितेश आला. चेहरा असा पांढरा की मला वाटलं मोबाईल पडला.

"आय, गाणं थांबव."

"का?"

"मशीननं सूचना दिलीय. ह्या गाण्याचा मालक दुसरा हाय. पुन्हा म्हटलं तर सामना दाखवणं बंद करणार."

"कोण मालक?"

"मुंबईची कंपनी."

"मुंबईच्या कंपनीची हळद मी कधी लावली?"

नितेशनं मोबाईल माझ्यासमोर धरला. मी दुसरीपर्यंत शाळेत गेलेली, वाचायला वेळ लागतो. कंपनीचं नाव इंग्रजीत होतं. खाली मराठीत होतं. गीत आणि संगीत, मोरेश्वर घरत. बाजूला फोटो, चेन घातलेला.

पार्वतीनं माझ्या खांद्यावरून वाचलं. ढोलकीवरचा तिचा हात तसाच वर राहिला. "अगो," एवढंच म्हणाली.

मी बाळाला हर्षलाकडेच ठेवलं आणि टेबलापाशी गेले. मोरेश्वर मला येताना बघून माइकवर म्हणाला, "आता आपण प्रायोजकांचे आभार मानू या."

"नंतर मान," मी म्हटलं. "माइक खाली ठेव. विहिणीचं गाणं तू लिहिलंस?"

"वयनी, मी सांगणार होतो."

"कधी?"

"आज."

"आजच हाय."

त्यानं माइकची वायर बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. "तुला आठवतं, पार्वतीच्या भावाच्या हळदीला मी रेकॉर्डिंगचं मशीन ठेवलं होतं तुमच्यापुढं? तुमची गाणी घेतली, खाली बीट टाकला. कंपनीला आवडलं. त्यांनी विचारलं, गीत कुणाचं? आता काय सांगू? माझ्या आजीच्या सासूचं? तिचं नाव मना तरी ठाऊक हाय का? जागा रिकामी दिसत होती. मी माझं घातलं."

"किती गाणी?"

"सगळी."

"ओट्यावर मी बोलले तेव्हा तुझं तोंड शिवलं होतं?"

"सगळे एवढे खूश झाले होते, वयनी. वाटलं, मशीनला कळणार नाय. शब्द बदललेत तुम्ही."

"चाल तीच हाय. आणि गळा माझा हाय. मशीन बिचारं खरं बोललं, त्यानं मना ओळखलं. घरातल्या माणसाला ओळखता आलं नाय." मी श्वास घेतला. "ठीक. आता परवानगी दे. परवा मोठ्या तोऱ्यात देत होतास."

मोरेश्वर त्याच्या चपलांकडं बघत राहिला. "मी नाय देऊ शकत. कंपनीला दिलंय ना लिहून. त्यांना विचारायला पाहिजे, आठवडा जातो. माझी मोटरसायकलवाली सुद्धा त्यांचीच हायेत."

"मग परवा मालक कोण बसला होता ओट्यावर?"

"बोलण्यात आलं."

शिट्टी झाली. दुसरा डाव सुरू झाला आणि आम्ही सगळ्या ताडपत्रीवर तोंडाला पदर लावून बसलो. मैदान असं चिडीचूप की पोरींच्या पायांखालची माती ऐकू यायची. रोह्याच्या लोकांनी थाळ्या आणल्या होत्या, त्या त्यांनी बडवायला घेतल्या. थाळीला मालक नसतो. त्यांच्या पोरी अंगात आल्यासारख्या खेळायला लागल्या. हर्षलाची एक चढाई रिकामी, दुसरी रिकामी. तिसरीला त्यांनी तिला असं दाबलं की ती मातीतून उठताना थोडा वेळ तशीच बसून राहिली. आमच्यावर लोण चढला. म्हणजे आमची सगळी फळी बाद.

नितेश मोबाईलमागं उभा, एक हात कपाळावर. मॅडम बघत होत्या, आणि मातीत बसलेली मुलगी बघत होत्या.

हर्षला मैदानात परत जाताना आमच्या अंगावरून गेली. थांबली. "आय," म्हणाली, "पायात जीव नाय वाटत. काहीतरी म्हण ना."

"काय म्हणू? सगळं ह्याच्या नावावर हाय."

"सगळं कसं असेल?" ती म्हणाली आणि गेली. ती सहज बोलून गेली. पण मी तिथंच अडकले. जे म्हटलं ते त्याच्या नावावर होतं. जे मी अजून म्हटलंच नव्हतं, ते कुणाच्या नावावर असणार?

हळदीत एक चाल अशी आहे की जिला चालच नाही. नुसत्या टाळ्या. एकीनं विचारायचं आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. मांडवात ज्याची खोड काढायची असेल त्याच्याकडं बायका बघतात, आणि उत्तरं तिथल्या तिथं सुचतात. दर वेळी नवी. शेवयांसारखी, आज केली ती आजच संपवायची. ते कुणी रेकॉर्ड करत नाही, कारण दुसऱ्या दिवशी त्यात मजा उरत नाही.

मी उठले, टेबलापाशी गेले, आणि मोरेश्वराच्या हातातून माइक काढून घेतला. जन्मात पहिल्यांदा कुणी घेतला असेल. त्याचा हात तसाच मुठीत राहिला.

टाळी दिली. बायकांनी टाळी दिली. मी मोरेश्वराकडं बघितलं आणि त्यांनीही बघितलं.

"कोण गो कोण?"

"मोरेश्वर," पार्वती पहिली ओरडली. नवऱ्याचं नाव ती कधी घेत नसे.

"कुणाचा गो कोण?"

"वयनीचा दीर."

"नाडी कुणी बांधली?"

"वयनीनं."

"गाणी कुणी शिकवली?"

"वयनीनं."

"नावावर कुणी केली?"

"मोरेश्वरानं."

"मग तो कोण?"

"चोर," अख्खं मैदान म्हणालं. बाया म्हणाल्या, बाप्ये म्हणाले, रोह्याचे लोक थाळ्या खाली ठेवून म्हणाले. मास्तरांना तोंडात शिट्टी असताना हसू आलं आणि ती आपोआप वाजली, तर चढाईला निघालेली रोह्याची पोर मागे फिरली, पुन्हा आली.

मी नितेशकडं बघितलं. तो मोबाईलवर वाकला होता. बराच वेळ वाकला होता. मग त्यानं मान वर केली आणि दोन्ही अंगठे दाखवले. मशीन गप्प होतं. त्यानं हे कधी ऐकलंच नव्हतं.

मग काय विचारता. दर चढाईच्या मध्ये मोरेश्वराचं एकेक बाहेर यायला लागलं. आंघोळ कधी करतो? "सांजच्याला." गाडीवर फोटो कुणाचा? "गाडीवाल्याचा." लोकांना आपापलं सुचायला लागलं, मागच्या रांगेतून प्रश्न येऊ लागले, आणि त्यातले दोन-तीन बाईमाणसानं माइकवर म्हणण्यासारखे नव्हते, ते मी गिळले. हर्षला मध्यरेषेवर कंबरेवर हात ठेवून हसत होती. ती हसतच आत गेली. डाव्या कोपऱ्यातलीला पायानं शिवली, उजवीकडची अंगावर आली तिच्या काखेतून निघाली, तिघी बाद करून परत आली, आणि परत येतानाही ओठ हलत होते. कबड्डी म्हणत होती की "वयनीनं" म्हणत होती, देव जाणे. मास्तरांनी काही विचारलं नाही.

सामना आम्ही हरलो. एका गुणानं. कुणाच्या लक्षातही आलं नाही, दोन्हीकडचे लोक टाळ्या देत मोरेश्वराचंच विचारत होते. रोह्याच्या गजरेवालीनं ढाल घेतली आणि गजरा काढून पार्वतीच्या ढोलकीला बांधला.

नितेशचा मोबाईल वाजला. त्यानं तो हर्षलाच्या हातात दिला. ती ऐकत राहिली. "हो मॅडम," म्हणाली. "हो, बाळ आहे. सासूबाई सांभाळतील." मला विचारलं नव्हतं तिनं, पण सांभाळलं असतं, आणि पुढं सांभाळलंच. मग तिनं मोबाईल खाली केला.

"पुढच्या आठवड्यात बोलावलंय. पुण्याला." ती बाळाला कडेवर घेत म्हणाली. "म्हणाल्या, पडल्यावर अशी उठणारी पोर मना हवी होती. आणि विचारत होत्या, तो मोरेश्वर कोण?"

आम्ही हसत होतो तेवढ्यात मोरेश्वर आला. लोक गेले होते, मांडव उतरत होता. मला वाटलं, आता पाया पडतो. पण हातात त्याचा मोबाईल होता, आणि डोळ्यांत ती चमक, जी पार्वतीच्या भावाच्या हळदीला असणार.

"वयनी, मी सगळं घेतलंय ह्यात. टाळ्याबिळ्या. लोकांना वेड लागेल. आणि ह्या खेपेला चूक नाय करणार, हे बघ." त्यानं मोबाईल माझ्यासमोर धरला. "गीत आणि संगीत, चांगुणा नारायण घरत. तू हो म्हण, आज पाठवतो."

मी वाचलं. माझं नाव मी तोवर रेशनकार्डावर बघितलं होतं आणि मुलांच्या लग्नपत्रिकेत, ते पण नवऱ्याच्या नावाखाली. एकटं कधी बघितलं नव्हतं. अक्षरं पिवळी होती, छान होती. मी दोनदा वाचलं. मोरेश्वर माझ्या तोंडाकडं बघत होता, लहान असताना नाडी बांधून घ्यायला उभा राहायचा तसा.

"मोरू," मी म्हटलं, "नाव बरोबर लिहिलंस, ते बरं केलंस. आता पूस. ह्या गाण्यात तू चोर हायेस. ते माझ्या नावावर झालं, तर उद्या गावातल्या कुणालापण तुला चोर म्हणायचं असेल तर आधी माझ्याकडं परवानगी मागायला यायला लागेल, आणि मना आता बाळ सांभाळायचं हाय, एवढा वेळ नाय. बिनमालकाचं राहू दे. ज्याला तू आठवशील, त्यानं फुकट म्हणावं."